एक सूत

अडतीस सालची मॉरिस घोड्यांवर चढवलेली,
पुढची दोन्ही चाकं भिंतीला टेकलेली.
परभणीच्या मोंढ्यामागं आमचं गॅरेज,
पत्र्याच्या भोकातून एप्रिलचं ऊन
थेट ऐक्सलवर.

वाहेद उस्ताद खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.
"मुंजाजी, आता माझ्या हातालाच प्ले आलाय.
तू बसव. मी बघतो."

जुना किंगपिन निघता निघेना.
डिझेल पाजून दोन रात्री ठेवला,
तिसऱ्या दिवशी आठव्या घावाला
कुरकुरत सुटला.

डावा बुश पार अंडाकृती. उजवा अजून गोल.
ग्रीस कमी पडलं असेल, मी म्हटलं.
"नाही रे. सेलूकर डॉक्टरीणबाईंची गाडी ही.
बोरी, जिंतूर, चारठाणा,
रात्री-अपरात्री कुणाचं तरी अडलेलं बाळंतपण.
रस्ता एका गाडीपुरता.
समोरून एस्टी आली की बाईच
डावं चाक मातीत उतरवायच्या.
एस्टी कधी उतरली नाही."

मी बुशात करंगळी फिरवली.
एका बाजूला नखभर खड्डा.
तीस वर्षांची माती तिथं बसलेली.

नवे बुश जालन्याहून खरादून आणले, गनमेटलचे.
शिकंजात धरून दाबले,
मग रीमर: हातानं, एकाच दिशेनं,
उलटा फिरवला की काम गेलं.
मधेच हात हातोड्याकडं गेला माझा.
"नक्को! ठोकणं वेगळं, बसवणं वेगळं."
तेलाचं बोट लावून किंगपिन वरून सोडला.
आपल्याच वजनानं, घाई न करता
तो खाली गेला.
उस्तादांनी डोळे मिटले
आणि तंबाखूची डबी माझ्याकडं सरकवली.
मळून देताना मी त्यांच्या हातांकडं बघितलं नाही.

मग टायरॉड, मग ड्रॅगलिंक,
कमानपाट्याखाली लोखंडी पाचर,
चाकं चढवून सुतळी ताणली.
मागच्यापेक्षा पुढून एक सूत कमी.
दोन्ही चाकं एकमेकांकडं इतकी वळलेली असली
तरच गाडी सरळ चालते.
हे मी पंधरा वर्षं ऐकतोय,
दर वेळी सुतळीवर विश्वास ठेवतो, कानावर नाही.

बाईंचा भाचा श्रीहरी पुण्याहून आला.
त्यानं मोबाइलवर मंगल कार्यालयाची कमान दाखवली.
"चालवायची नाहीच हो. दारात उभी करायची,
नवरा-नवरी फोटो काढतील."
मी उस्तादांकडं बघितलं.
ते म्हणाले, चक्कर मारून ये.

वसमत रोडला गाडी हातात राहीना.
डावीकडं जाय, उजवीकडं जाय,
ऊस भरलेल्या ट्रॉलीवाल्यानं आईवरून शिवी दिली.
परत आलो तर उस्ताद जमिनीवर आडवे,
खालून बघून हसतायत, धोतरभर धूळ.
"पाचर उलटी, मुंजा. जाड बाजू मागं पाहिजे."

संध्याकाळी पुन्हा काढली.
कारखान्याच्या वळणावर चाक फिरवून सोडलं,
आणि ते माझ्याच तळव्यांतून
आपोआप सरळ झालं.
शेजारी उस्ताद गप्प.
समोरून एस्टी आली.
मी मातीत उतरवणार होतो, सवयीनं नव्हे,
त्या बुशाच्या आठवणीनं.
पण रस्ता आता दोन गाड्यांचा आहे.
एस्टी तिच्या बाजूनं गेली.

घरी शर्ट काढताना खिशात एक स्प्लिट पिन सापडली.
जेवण उतरलं नाही. बायको म्हणाली, सकाळी बघा,
ती काय लगेच पळतीय का.
खरंच, ती पळणार नव्हती कधीच.
तरी साडेअकराला सायकल काढली,
शटर अर्धं उचललं, बॅटरी दातात धरून
खाली सरपटलो.
एक, दोन, तीन, चार. सगळ्या जागच्या जागी,
पाय दुमडलेल्या.

खिशातली जुनी होती,
बाईंच्या वेळची, गंजून लाल.
पाय पुन्हा सरळ करून बघितले.
एक तुटला.